राजकन्या शाल्मलीच्या क-एक श्रेणीची हकीकत

श्रीशारदेचे पायी मस्तक ठेवून, आणि ज्यांचे ज्यांचे प्रगतीपुस्तक आजवर वाईट निघाले त्या सकळांस दंडवत घालून, ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास. दिवाळीची सुट्टी सरोन शाळा उघडली होती आणि घरोघरी चकलीच्या डब्याचे बूड दिसो लागले होते, ते समयीचे वर्तमान. तिसरे मजल्यावर एक राज्य होते. राज्यास नाव नव्हते. मुलूख म्हणाल तर तीन खोल्या आणि पश्चिमेस एक गॅलरी, तीत दिवस कलता ऊन ऐसे पसरे की फरशीवर पाय ठेविता माणूस आपोआप हळू चालू लागे. राज्याचे धनी सुहासराव, सकाळपाळीची चाकरी करोन चार वाजता घरी येणार, स्वभावे शांत, बसल्या जागी तंद्री लागावयाची. कारभार सगळा प्राजक्ताबाईंचा, त्या जाग्या म्हणोन राज्य जागे. आणि उभयतांची एकुलती कन्या शाल्मली, वय वर्षे दहा, इयत्ता पाचवी. बापलेकीचा नेम ऐसा की रोज पाच वाजता गॅलरीत बसावे, खडूने फरशीवर एक देश काढावा, त्यास नद्या द्याव्या, डोंगर द्यावे, गावांस नावे द्यावी, आणि अंधार पडेतो तेथेच हिंडावे. या नेमात सहसा खंड नसे.

मग एके शनिवारी शाळा लवकर सुटोन शाल्मली घरी आली आणि प्रगतीपुस्तक मातोश्रींचे हाती न देता टेबलावर ठेवोन गॅलरीत निघोन गेली. शहाण्याने एवढ्यावरोन ओळखावे, परंतु प्राजक्ताबाई गडबडीत होत्या. या घराण्याचा रिवाज ऐसा की प्रगतीपुस्तक आधी देवापुढे उघडोन ठेवावे, आतील पानास कुंकू लावावे, आणि मगच वाचावे. बाईंनी बोट पाण्यात बुडविले, कुंकवात बुडविले, आणि डोळे मिटोन ऐसा टिळा लाविला की पानाचे खालचे अंगाचे चार रकाने लालेलाल जाहले. मग डोळे उघडोन वाचू लागल्या. मराठी अ-एक. बरे. परिसर अभ्यास अ-दोन, तेही बरे. कला अ-एक. आणि गणित?

“अहो!” बाई ओरडल्या. “अहो, इकडे या आधी! गणितात क-एक! गेल्या वर्षी चांगली अ-दोन होती की हो!”

शनिवारची सुट्टी म्हणोन घरी असलेले सुहासराव आले, पुस्तक हाती घेतले, आणि ते एक अक्षर त्यांचे डोळ्यांस ऐसे चिकटले की बाकीचे पान दिसेचना. शेजारी वर्गशिक्षिकेच्या हस्ताक्षरात वर्णनात्मक नोंदी म्हणोन चार ओळी होत्या, त्या उभयतांनी वाचिल्या नाहीत. आता हसू नका. हा लेखकही स्वतःचे घरी त्या वाचीत नाही, मग दुसऱ्यास काय म्हणोन बोलावे! प्राजक्ताबाई म्हणाल्या, “क्लास लावायचा. खालच्या दातारांचा ईशान जातो ना, तिथेच. पाच ते आठ, सगळे विषय, रविवार सोडून रोज. उद्या संध्याकाळी दातारांकडे जाऊन सगळं विचारून येते.”

“अगं, पण पाच वाजता ती आणि मी...”

“नद्या काढून गणित सुधारतं का? तुम्ही दोघं नुसते तंद्रीत!”

सुहासराव खुर्चीत टेकले आणि टेकता टेकता डोळा लागला. मग स्वप्नी त्यांनी तोच खडूचा देश पाहिला, परंतु आता तो पार क्षितिजापावेतो पसरलेला, निळ्या नद्या संथ वाहताहेत, आणि पलीकडे एक मोठा दरवाजा, त्यावर आकडे पहारा देताहेत, सात भाला धरोन, आठ कंबर कसोन. आणि दरवाजाबाहेर शाल्मली पाठीस दप्तर लावोन उभी, आत जाऊ म्हणेना, कडी वाजवीना. हे हाक मारिताहेत आणि हाक नदी ओलांडीना. इतक्यात कोणी बाही ओढिली, आणि जागे होऊन पाहतात तो खरीच शाल्मली पुढे उभी.

“बाबा, मी ढ आहे का?”

“कोण म्हणतं असं?”

“वर्गातली रेवती म्हणाली. क-एक म्हणजे ढच असतात.”

“नाही गं,” सुहासराव म्हणाले. परंतु म्हणण्यापूर्वी किंचित थांबले, आणि ते थांबणे पोरीने बरोबर ओळखिले. तिने हातातला खडूचा डबा बंद केला आणि आत गेली. क्लास लागो वा न लागो, परंतु पोरीने आपले मनी हे एकदा धरिले तर पुढे तिला कोण समजाविणार, या भयाने सुहासरावांस रात्री दोन घास गेले नाहीत.

रविवारी दुपारी सहीचा प्रसंग आला, कारण सोमवारी पुस्तक शाळेत परत द्यावयाचे. सुहासराव ते घेऊन गॅलरीत बसले. ऊन मवाळ पिवळे, खाली कोठे कुकरची शिट्टी, बाकी सगळा मुलूख झोपलेला. कुंकू वाळले होते, त्याची पूड सहीचे जागी सांडली, म्हणोन त्यांनी फुंकर घातली, आणि टिळ्याखालचे रकाने उघडे पडले. तेथे हजेरी लिहिली होती. जुलै, सव्वीसांपैकी सव्वीस. ऑगस्ट, बाविसांपैकी नऊ. सुहासराव त्या नवाकडे पाहात राहिले, आणि हळूहळू, पाण्याखालचे दिसावे तैसे, त्यांस आठवले. पडदे ओढलेली खोली, अंथरुणावर कडुलिंबाचा पाला, आणि अंगभर पुरळ घेऊन पडलेली शाल्मली. कांजिण्या! मग त्यांनी शेजारच्या ओळीही वाचिल्या. ‘पाढे उत्तम. तोंडी गणित अचूक. अपूर्णांक आले की उदाहरण सोडून देते. विचारल्यास गप्प राहते.’ तीनदा वाचिले आणि बाईंस हाक मारिली.

प्राजक्ताबाईंनी हजेरी आणि ओळी दोन्ही वाचिल्या. “अगबाई! शाळेत तेव्हाच अपूर्णांक झाले असणार हो. आणि मी काल पोरीबद्दल काय काय बोलले!” ऐसे म्हणोन त्यांनी पदर डोळ्यांस लाविला. दातारांकडे जाणे राहिले.

सोमवारी उभयतांची स्वारी शाळेत गेली. वर्गशिक्षिका पागनीसबाई, चष्मा नाकाचे शेंड्यावर, बोलणे रोखठोक. त्यांनी सगळे ऐकोन घेतले आणि म्हणाल्या, “सगळेच विषय घसरले असते तर मी तुम्हाला आधीच बोलावलं असतं. इथे एकच घसरलाय, आणि त्यातलाही एकच धडा. त्यासाठी रोज तीन तास पोरीला कोंडून काय करणार? आधी पंधरा दिवस घरी बसा तिच्याबरोबर. त्यानंतरही अडली, किंवा वही काढली की रडायला लागली, तर मात्र शिकवणी लावा. तेव्हा कमीपणा मानू नका. पण जेवढं अडलंय तेवढ्याचीच लावा.”

मग मोहीम सुरू जाहली. गॅलरीच्या फरश्या बारा. सुहासरावांनी बाराही फरश्यांवर देश काढविला आणि म्हणाले, “याच्या एक तृतीयांशात जंगल कर.” शाल्मलीने चार फरश्या हिरव्या केल्या. एक चतुर्थांशात समुद्र, तीन फरश्या निळ्या. आठ दिवस राज्य सुखात चालले. मग भिन्न छेदांची बेरीज आली आणि सुहासरावांनी ती एकदा समजाविली, दोनदा समजाविली, तिसरे खेपेस आवाज चढला आणि शाल्मलीने वही मिटोन हुंदका दिला. सुहासरावांस आपली लाज वाटली. “मला शिकवता येत नाहीये, प्राजक्ता,” ते स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, “पोरीचं काही चुकत नाहीये.” तेव्हा पलीकडचे इमारतीतील मुग्धाताई, कॉलेजात गणित शिकणारी, तिजला विनंती केली. आठवड्यातून दोन दिवस, एक तास, अपूर्णांकांपुरते. मुग्धाताई हसरी, घाई नसे, आणि चुकले तर म्हणे, “थांब, आपण मागच्या पायरीवर जाऊ.” पौष गेला, माघ लागला.

माघातले एके दिवशी शाल्मली तिजकडोन आली आणि गॅलरीत बापाशेजारी बसोन नवा देश काढू लागली. ऊन तिचे हातावरोन फरशीवर उतरले. मग मान वर न करिता ती म्हणाली, “बाबा, मी ढ नव्हते.”

“नव्हतीसच गं.”

“मी फक्त तेव्हा वर्गात नव्हते. बाकीचे होते, आणि मी घरी होते. एवढंच झालं होतं.”

“मी त्या दिवशी ‘नाही’ म्हणायला उशीर केला, शाल्मली. चुकलं माझं.”

“माहितीये,” ती म्हणाली, आणि नदी रंगविण्यास निळा खडू त्यांचे हाती दिला.

एवंच, वर्षअखेरीस गणिती ब-एक मिळाली, अ-दोन काही हाती आली नाही, आणि त्यावरोन राज्यात कोणी कोणास बोलले नाही. या मोहिमेत पराभव बापाचा एक, रडणी तिघांची मिळोन पाच, शिकवणी दोन महिने. शाल्मलीस प्रश्न अडला तर ती आता हात वर करिते. जैसे घडले तैसे लिहिले, वाचणारांचे घरी सर्व कुशल असावे.