चौथा पाय आणि लवचिक कपलिंग

स्टुलाचा पाय मोडला तो आपल्याच वजनानं, हे परिपत्रकरावांनी पहिल्या दिवशीच कबूल करून टाकलं असतं, तर पुढचं रामायण टळलं असतं. सुतार दोन गल्ल्या सोडून होता. मोडका पाय नेऊन दाखवला असता, तर त्यानं तासाभरात तस्साच दुसरा करून दिला असता. बायकोनं तेच सुचवलं. पण बल्ब बदलताना धाडकन खाली आलेल्या माणसाला लगेच कुठेतरी वर चढून दाखवायचं असतं. कमरेला शेक घेत घेतच त्यांनी जाहीर केलं, की सदर पाय घरीच तयार करण्यात येईल.

(हे शब्द त्यांचेच. ते पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होते आणि घरातलं मीठ संपलं तरी याच भाषेत कळवायचे. म्हणून ऑफिसातली मंडळी त्यांना पाठीमागे परिपत्रकराव म्हणत. बायको तोंडावर म्हणे.)

बायको घरी शिवणकाम करायची आणि स्टूल तिचं होतं. तिच्या मशीनला, गुडघ्यांना आणि पाठीला त्याची उंची नेमकी जमलेली. त्यातून एका गायकवृंदाचे बत्तीस पोशाख शिवायला आलेले. ती उपड्या बादलीवर उशी ठेवून शिवायला बसली आणि एवढंच म्हणाली, की पोशाख दोन आठवड्यांत द्यायचेत, त्याच्या आत पाठ मोडली नाही म्हणजे मिळवली.

पाय गोल होता, मधे दोन कंगोरे. म्हणजे लाकूड फिरवून कातायला हवं. म्हणजे लेथ हवं. परिपत्रकरावांनी मागच्या गॅलरीत जुन्या दाराची फळी टाकली, बंद पडलेल्या वॉशिंग मशीनमधून मोटर काढली, भंगारवाल्याकडून दोन बेअरिंगांत बसवलेला शाफ्ट आणला आणि सगळं फळीवर ठोकून बसवलं. आता मोटरीचा शाफ्ट आणि लेथचा शाफ्ट एकमेकांच्या नाकासमोर उभे होते, मधे बोटभर अंतर. "आता एवढं जोडायचंच राहिलं," ते म्हणाले. (जगातली निम्मी कामं 'आता एवढंच राहिलं' या टप्प्यावर वर्षानुवर्षं बसून आहेत.)

पहिल्यांदा त्यांनी लोखंडी नळीचा तुकडा दोन्ही टोकांवर चढवला आणि स्क्रूंनी आवळला. बटण दाबलं. फळी आधी थरथरली, मग गुरगुरली आणि मग चालायला लागली. ती गॅलरीच्या दारातून आत आली, शिवणयंत्रापर्यंत पोचली आणि प्लग निसटला तेव्हाच थांबली. मांडणीवरची दोऱ्यांची रिळं टपाटपा खाली पडून जिन्यावरून घरंगळत गेली, आणि त्यांच्या उलट्या दिशेनं खालच्या मजल्यावरचे घड्याळजी वर आले. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा. चिमट्यात काही नव्हतं, आणि तीच त्यांची तक्रार होती. क्षणापूर्वी त्यात तिळापेक्षा लहान स्क्रू होता.

तासभर घड्याळजींच्या टेबलाखाली रांगून परिपत्रकरावांनी तो स्क्रू शोधून दिला. तिथेच, जमिनीला गाल टेकलेल्या अवस्थेत, घड्याळजींनी त्यांना समजावलं, की दोन शाफ्ट केसभर जरी वाकडेतिकडे असले आणि तुम्ही ते करकचून एक केले, तर ते बेअरिंगांना खातात आणि घराला हलवतात. मधलं कपलिंग, म्हणजे दोघांना जोडणारा तुकडा, थोडं लवणारं हवं.

लवणारं म्हटल्यावर परिपत्रकरावांना बागेची रबरी नळी आठवली. वीतभर कापली, क्लिपांनी आवळली. या वेळी फळी जागची हलली नाही, कौतुकानं त्यांनी बायकोला हाक मारली. मोटर छान फिरत होती. पण लाकडाला पटाशी लावताच लाकूड थांबलं, नळी पिळलेल्या टॉवेलासारखी वळली, आणि त्यांनी घाबरून बटण बंद केल्यावर सगळं एकदम उलटं उलगडलं. पटाशी उडून कुंडीत रुतली. बायकोनं कुंडीकडे पाहिलं, मग आखूड झालेल्या नळीकडे पाहिलं, आणि पुन्हा बादलीवर जाऊन बसली.

तेव्हा मात्र त्यांनी काम रीतसर हाती घेतलं. सुटे भाग विकणाऱ्या एका बाईंचा फोन नंबर मिळवला आणि टेंडर उघडतात तसा तक्ता आखून फोनला बसले. बायकोची मावशी त्याच दिवशी आली होती आणि आतल्या खोलीत पोशाखांना काजं करत होती. तिला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती.

"नाही, दोघं सरळ रेषेत नाहीतच," परिपत्रकराव फोनवर म्हणत होते. "सुरुवातीला वाटलं होतं जमेल. पण एकत्र आले की घर हादरतं. खालचे लोक तक्रार घेऊन आले." मग बराच वेळ हं हं करून म्हणाले, "तोडफोड नको हो. मधे काहीतरी लवचिक घालून निभावता येतंय का बघा. अगदीच नाही जमलं, तर दोघांना वेगवेगळं ठेवीन आणि दुसरी आणीन."

(दुसरी म्हणजे मोटर.)

मावशीनं सुई खाली ठेवली. भाचीकडे पाहिलं, तर ती बादलीवर बसून मुकाट्यानं शिवत होती. पोरीची ही दशा. मावशीनं एक शब्द न विचारता स्वैपाकघरात जाऊन आपल्या मेहुण्यांना, म्हणजे पोरीच्या बापाला, फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सासरे हजर झाले. पस्तीस वर्षं पंपहाउसात फिटर असलेला माणूस. जावयाशी आजवर त्यांचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नव्हतं, कारण ज्याला पाना धरता येत नाही त्याच्याशी बोलायचं तरी काय? आज त्यांनी बॅग दारातच ठेवली, जावयाला गॅलरीत नेलं आणि घसा साफ केला.

"जावईबापू, दोघांपैकी एकानं तरी वाकायला शिकावं."

"वाकून चालणार नाही, बाबा. वाकला की तुटतो. मी मधे रबर घालतोय."

सासऱ्यांनी नजर गॅलरीबाहेर वळवली. त्यांच्या पिढीत या गोष्टीला वेगळे उपाय होते.

"आणि ही दुसरी आणायची भाषा?"

"ही जुनीच आहे ना, बाबा. बारा वर्षं कपडे धुऊन धुऊन दमलीय. फिरते, पण आवाज करते."

सासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला. ते काही बोलणार, तेवढ्यात परिपत्रकरावांनी समजूत पटावी म्हणून फळीवरचं फडकं दूर केलं आणि ती दमलेली मोटर दाखवली. सासरे तिच्याकडे पाहत राहिले. मग शाफ्टकडे. मग खाली लोंबणाऱ्या रबरी नळीकडे. आणि असे हसायला लागले, की खालून घड्याळजी दुसऱ्यांदा वर आले.

बायकोला हा सगळा प्रकार समजला तेव्हा ती आधी मावशीवर चिडली, मग नवऱ्यावर, आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, की बादली तिच्यासकट कलंडली. मावशी म्हणाली, तिला पहिल्यापासून शंका होतीच, की इतकं सरळ बोलणं नवराबायकोबद्दल असूच शकत नाही.

सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या. परिपत्रकरावांनी अदबीनं आपला तक्ता पुढे केला. पाच प्रकार, अकरा रकाने, शेवटी शेरा. सासऱ्यांनी तो वाचला, घडी केली आणि ऐटीत चष्म्याच्या घरात ठेवला. तक्त्यातलं बारीक स्प्रिंगसारखं कापलेलं चकाकतं कपलिंग परिपत्रकरावांच्या मनात भरलं होतं. ते नाजूक, हलक्या कामाला ठीक, सासरे म्हणाले. लाकडाला पटाशी लागली की झटके बसतात, ते एके दिवशी तुटेल. आपल्याला दोन लोखंडी जबडे आणि त्यांच्यात धरलेली रबराची चांदणी हवी. झटका रबर खातं, आणि रबर झिजलं तर फक्त चांदणी बदलायची. एक जबडा मोटरीच्या शाफ्टाच्या मापाचा, दुसरा लेथच्या.

"पण एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "लवचिक असलं तरी ते आपला आळस झाकायला नसतं. आधी दोन्ही शाफ्ट होतील तेवढे सरळ करायचे. उरलेलं रबर सांभाळून घेतं."

सुट्या भागांच्या बाईंकडून ते कपलिंग आलं, आणि मग रविवारचा दिवस गॅलरीत गेला. बायकोनं कापडावर धरायची पोलादी पट्टी दिली. सासऱ्यांनी ती दोन्ही शाफ्टांवर आडवी ठेवली. घड्याळजींनी भिंगातून फट पाहिली आणि डाव्या बाजूला केसभर, असं सांगितलं. परिपत्रकराव डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून मोटरीच्या पायाखाली सरकवत होते. सासरे म्हणत, अजून एक. घड्याळजी म्हणत, आता जास्त झाली. मावशी सगळ्यांना चहा देत, तिला काही विचारलं नाही तरी मत देत होती. शेवटी चांदणी बसली, जबडे आवळले, वरून पत्र्याचं झाकण आलं. परिपत्रकरावांनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही, असं वाटलं. मोटर इतक्या गुण्यागोविंदानं फिरत होती, की घड्याळजींनी काडीपेटीतली काडी फळीवर उभी करून दाखवली. सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, ही पहिली.

पुढचे तीन दिवस ऑफिसातून आल्यावर परिपत्रकराव भुशात न्हात होते. दोन पाय बिघडले, तिसरा उतरला. गोल, गुळगुळीत, मधे दोन कंगोरे. त्याला जुन्यासारखा रंग दिला, स्टुलाला बसवला, आणि पोशाखांच्या मुदतीच्या तीन दिवस आधी बायको बादलीवरून उठून स्टुलावर बसली. त्या संध्याकाळी ती मशीनबरोबर गुणगुणत होती.

सासऱ्यांच्या निघण्याच्या दिवशी सगळे जमले. परिपत्रकरावांनी स्टूल टेबलावर ठेवलं आणि आव्हान दिलं, की यातला नवा पाय कोणता ते ओळखून दाखवा. सासऱ्यांनी चारी पायांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. घड्याळजींनी भिंग लावलं, एकेक कंगोरा तपासला, स्टूल उलटं करून पाहिलं.

"हार मानली," ते म्हणाले. "चारी सारखे. भिंगातूनसुद्धा कळत नाही."

परिपत्रकरावांची छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण तुटायला आलं. ते विनयानं काही बोलणार, तोच बायकोनं शिवणातून मान वर केली.

"भिंग कशाला हवंय?" ती म्हणाली. "बसून बघा. ज्या बाजूला कलंडाल, तो यांचा."