झाकण, खरवड की चीर?

घड्याळजींनी भर बाजारात एका बाईच्या हातातली पिशवी ओढली आणि म्हणाले, "दे इकडे, किती ओझं उचलशील!"

बाईंनी पिशवी घट्ट धरली आणि बोंब ठोकली. चार माणसं धावून आली. घड्याळजींची खरी बायको तीन पावलांवर उभी राहून सगळं पाहत होती.

चष्मा तेव्हा कपाळावर होता. नंबर वजा सहा. दुकानात ते चष्मा वर ढकलत, घड्याळ नाकाला टेकेल इतकं जवळ घेत आणि मोहरीहून बारीक स्क्रू उघड्या डोळ्यांनी बसवत. चव्वेचाळीस वय झालं तरी भिंगाला हात लावला नव्हता. त्याच नजरेवर घर चालायचं. आज दुकान बंद करताना चष्मा खाली ओढायचा राहिला, इतकंच.

"डोळ्यांचं लेझर करून घ्या," घरी आल्या आल्या बायको म्हणाली. "शनिवारची वेळ घेतलीय."

"अगं, पण घड्याळं…"

"घड्याळं काही तुम्हाला चोर म्हणत नाहीत. मला मात्र चोराची बायको म्हणतील!"

करायचं हे ठरलं. (ठरलं तेव्हा घड्याळजी त्याच खोलीत होते, एवढाच त्यांचा सहभाग.) कोणतं करायचं, यावर मात्र घर फुटलं.

अंडं पहिलं

"भाऊजी, झाकण पद्धत!" मेहुणा म्हणाला. "डोळ्यावर पातळ झाकण कापायचं, उचलायचं, खाली लेझर मारायचं, झाकण बंद. दुसऱ्या दिवशी दुकान उघडा."

"डोळा आहे की डबा?" घड्याळजींची थोरली बहीण म्हणाली. "धक्का लागला म्हणजे?"

मेहुणा नुसत्या शब्दांवर भागवणारा नव्हता. त्याने उकडलेलं अंडं आणलं. घड्याळजींनी दुकानातलं पातं आणि चिमटा काढून झाकण कापलं, उचललं, परत बसवलं. सांधा शोधून सापडेना. मेहुण्याने खूश होऊन टेबलावर थाप मारली.

झाकण चहात पडलं.

अंडं दुसरं

"म्हणून म्हणते, झाकणच नको," बहीण म्हणाली. "वरचा पापुद्रा खरवडायचा, लेझर मारायचं. पापुद्रा आपोआप परत येतो."

"आणि दुखतं किती?"

"चार दिवस."

"वन्सं, ते चार दिवस हे कुणाच्या डोक्याशी कण्हणार? माझ्याच ना!"

अंडं खरवडून झालं. पापुद्रा परत येतो का, म्हणून चौघंही पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसले.

अंडं तिसरं

बायकोचं. "झाकण नाही, खरवड नाही. एवढीशी चीर द्यायची, आतली चकती ओढून काढायची, झालं."

घड्याळजींनी चीर दिली, चिमटा घातला, ओढला. चकतीमागोमाग सगळं पिवळं बाहेर आलं.

"अंड्याची चूक आहे," बायको म्हणाली.

मतदान झालं. तीन मतं, तीन पद्धती. रुग्णाला मत नव्हतं, त्यामुळे रुग्णाने अंडी खाल्ली.

चौथं अंडं नव्हतं, दवाखाना होता

तिघंही बरोबर गेले, कारण तिघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. काउंटरवरच्या मुलीने संमतिपत्र दिलं. "नीट वाचून सही करा."

मेहुण्याने कागद धरला. हात लांब केला. आणखी लांब केला. हात संपला. बहीण कागद खिडकीशी घेऊन गेली आणि तशीच परत आली.

"छपाईच फिकी आहे," बायकोने निकाल दिला.

घड्याळजींनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद नाकाशी नेला आणि घडाघडा वाचायला लागले.

"कलम अकरा. पद्धत कोणतीही असो, लांबचं स्पष्ट दिसू लागल्यावर चाळिशीपुढच्या रुग्णाला जवळचं पाहण्यासाठी चष्मा लागतो."

"कोणतीही असो?" मेहुण्याने विचारलं.

"कोणतीही असो."

"म्हणजे मग ते स्क्रू…" बायको थांबली.

"लांबून छान दिसतील."

बायकोने त्यांच्या हातातला कागद काढून घेतला, त्याची चार वेळा घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

"राहू दे. बाजारात मीच हाक मारत जाईन."

घड्याळजी उठणार, तोच शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ कागद पुढे करत म्हणाले, "अहो, तेवढं आमचंही बघता?" घड्याळजींनी कलम अकरा वाचून दाखवलं. गृहस्थांनी छत्री उचलली आणि ते घरी गेले. मग एक शिक्षिका आली. मग एक नवरा-बायको. मेहुण्याने रांग लावून दिली. खुर्च्या भराभर रिकाम्या होऊ लागल्या.

आठव्या कागदाला डॉक्टरांच्या खोलीचं दार किलकिलं झालं. काउंटरवरची मुलगी आत जाऊन आली आणि घड्याळजींच्या कानाशी वाकली.

"डॉक्टरांनी विनंती केलीय. ऑपरेशन करून घेणार नसाल, तर कृपया चष्मा घाला."