तात्यांच्या गाडीचं नाक

लग्नाला गेलेली माणसं आधी नवरा-नवरी बघतात. आमचे भानुदासतात्या दारातल्या गाडीचं नाक बघतात. गेल्या वर्षी त्यांनी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं, आत डोकं घातलं आणि वरबापाला गंभीरपणे सांगितलं, "पाव्हनं, पोरगं चांगलं हाय, पन गाडीचा श्वास कोंडतोय." या भानगडीत बॉनेटवरचा हार इंजिनात पडला. तात्यांना त्याचं काही नाही.

नाक म्हणजे इंजिन जिथून हवा ओढून घेतं ती जागा. नेवाशाकडच्या आमच्या गावात तात्या माझे शेजारी. मी शाळेत मास्तर आणि तात्यांचा धंदा पिकअपचा. सकाळी गावाचा कांदा नगरच्या मार्केटला पोचवायचा आणि दिवेलागणीला परत यायचं. "आधी नाक, मग बाकी" हे त्यांचं पालुपद. शाळेतल्या सर्दी झालेल्या पोराला आणि बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीला त्यांचं निदान एकच.

अशा माणसाने स्वतःच्या पिकअपला कोल्ड एअर इनटेक बसवायचं मनावर घेतलं. मूळचं हवेचं खोकं काढायचं आणि तिथे रुंद पाईप व मोठा फिल्टर लावायचा. बाहेरची गार हवा भरपूर मिळाली की गाडीला दम येतो, असं त्यांनी मला समजावलं. नगरच्या दुकानात ही वस्तू दहा मिनिटांत मिळते. तात्यांना आठ महिने लागले.

पहिले दोन महिने पाईप कशाचा घ्यायचा यातच गेले. ॲल्युमिनियमचा तापतो म्हणे आणि प्लास्टिकचा तडकतो. बॉनेटखाली किती तापतं ते बघायला तात्या माझ्या घरचा ताप मोजायचा थर्मामीटर घेऊन गेले. त्या बिचाऱ्याने आकडा दाखवायचंच सोडून दिलं. "एवढ्या तापात मानूस जगत न्हाई, मास्तर," तात्या म्हणाले. थर्मामीटर परत आला तो डिझेलच्या वासासकट. तेव्हापासून आमच्या घरात कुणी ताप आल्याचं कबूल करत नाही.

असला फिल्टर लावला की इंजिन गुरगुरतं. मग एकाएकी त्यांनी त्या आवाजाचाच ध्यास घेतला. पंचक्रोशीत ज्याने ज्याने असला फिल्टर बसवला होता, त्याला पकडून पाटाच्या पुलावर आणायचं, ॲक्सिलरेटर दाबायला लावायचं आणि मला त्यांच्या घराच्या पायरीवर उभं करून फोनवर विचारायचं, "आला का आवाज?" मायलेज किती, पॉवर किती वाढली, याची चौकशीच नाही. शेवटी माझं डोकं फिरलं. गाडी गुरगुरवायचं वय आहे का तुमचं, असं मी त्यांना चारचौघांत बोललो. तात्या निघून गेले. मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, रोज वाट बघणं तर मला ठाऊकच होतं. घरात तात्या, काकू आणि खंड्या कुत्रं, एवढाच संसार. दिवस मावळला की काकू पायरीवर उभ्या राहायच्या आणि गाडी दिसेपर्यंत हलायच्या नाहीत. खुर्ची दिली तरी बसायच्या नाहीत, कारण बसलं की कुंपणाआडचा रस्ता दिसत नाही. एकदा घोडेगावजवळ टायर फुटला, तेव्हा अडीच तास उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजून पाऊल टाकवेना.

"पुलावर आलो की तिला घरात बसून कळलं पायजे," तात्या म्हणाले. "मग कशाला उभी राहील?"

फोन करत जा की, मी म्हणालो.

"फोन ती उचलतच न्हाई."

शेवटी दुकानदाराचं न ऐकता त्यांनी सगळ्यात आवाजी फिल्टर घेतला. आमच्या फुफाट्यात तो दर रविवारी झाडावा लागतो. तात्या तो मांडीवर घेऊन ब्रशने झाडत बसतात. पण काकू खुर्चीवर बसायला लागल्या आणि तात्या गावभर ताठ मानेने फिरू लागले.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा काकू खुर्चीवर बसून लसूण सोलत होत्या. खंड्या उठला आणि कान टवकारून पाटाकडे बघू लागला. लगेच काकू उठल्या, चहाचं आधण ठेवून आल्या. तेवढ्यात मलाही पुलावरून गुरगुर ऐकू आली. मी म्हणालो, काकू, आवाज चांगला येतो की. त्यांनी उत्तर दिलं नाही. मी समोर जाऊन पुन्हा मोठ्याने म्हणालो. तेव्हा त्या हसल्या.

"मला काय बी ऐकू येत न्हाई, मास्तर. दोन वर्सं झाली. तोंडाकडं बघून बोलनं कळतं, म्हनून त्यांनाबी ठाऊक न्हाई. खंड्या उठला की मी उठते."

"मग आधी उभ्या का राहायचात? खंड्या तर तेव्हाही होता."

"त्याच्यावर भरवसा टाकून बसवत नव्हतं. आता उभी राह्यले तर त्यांना वाटंल आवाज पोचत न्हाई. एवढ्या हौसेनं आनलंय त्यांनी. तुमी सांगू नका."

गाडी दारात थांबली. तात्या उतरले, खुर्चीकडे बघितलं, वाफाळत्या चहाकडे बघितलं आणि काकूंसमोर जाऊन विचारलं, "कुठून कळलं?"

"पुलावरून," काकू म्हणाल्या.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पुलाच्याही पलीकडून, तात्या," मी म्हणालो.