घरघंटी आणि सातवं कलम

करारावर सही न करताच उद्धव सरनोबत घरी आला, दाराशी बूट काढले आणि म्हणाला, "परत दिला त्यांचा कागद त्यांना."

त्याच्या बायकोनं, कस्तुरीनं दिवाळीची साफसफाई काढली होती. स्टोअररूममधून तिचं नुसतं डोकं बाहेर आलं. "परत दिला म्हणजे?"

"म्हणजे सही करणार नाही. काय करतात ते बघूया की."

उद्धव मूळचा कोल्हापूरचा. तिथे पेठेपेठेत फुटबॉल चालतो आणि मॅच हरली तर माणूस गल्लीत तोंड दाखवत नाही, हे सिंगापुरात कुणाला सांगून पटत नाही. तालमीच्या संघातून खेळलेला हा गडी गेली काही वर्षं इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात फुटबॉलचा कोच होता. पोरं त्याला टरकून असायची आणि त्याच्यावर जीवही टाकायची. वर्ष संपत आलं की नवा करार यायचा आणि हा तो न वाचता सही ठोकायचा. या वर्षी कुठून बुद्धी झाली देव जाणे, त्यानं तो वाचला. सातव्या कलमात लिहिलं होतं, की परीक्षा जवळ आल्या की मैदानावरचा सराव पूर्ण बंद. पालकांची तशी मागणी होती म्हणे.

क्रीडाविभागाचे प्रमुख मिस्टर कोह म्हणजे अगदी सभ्य माणूस, आवाज म्हणून कधी चढायचा नाही. त्यांनी समजावून सांगितलं, की एवढी एक ओळ आहे, सगळ्याच कोचना घातली आहे, बाकीच्यांनी सह्याही केल्या. उद्धवनं सांगितलं, की दिवसभर खुर्चीला चिकटलेल्या पोराला संध्याकाळी पळू दिलं नाही तर त्याचं डोकं आंबतं, आणि आपल्या मैदानाला कुलूप लावायला आपण सही करणार नाही. कोह म्हणाले, विचार करा. उद्धव म्हणाला, झाला करून.

आता ऐटीत बोलायला काय जातं? पण नोकरी गेली की इथे राहायचा पास जाणार, पास गेला की बुकित पंजांगचं हे घर जाणार, आणि सातवीतल्या लेकीची, अवनीची शाळा सुटणार, हे त्या घरात तिघांनाही पाठ होतं. कस्तुरीनं हळूच विचारलं, की बाकीच्यांनी सह्या केल्या तर तुम्हीच एकटे कशाला अडून बसताय? उद्धव म्हणाला, बाकीचे कोल्हापूरचे नाहीत. यावर काय बोलणार? ती परत स्टोअररूममध्ये शिरली आणि सगळा राग तिनं घरघंटीवर काढला.

ही घरघंटी तिनं पुण्याहून मोठ्या हौसेनं आणली होती. पण गहू दळायला लागलं की खालच्या मजल्यावरच्या आँटी झाडू घेऊन छत ठोकायच्या. परवा तर त्या वर येऊन हात जोडून गेल्या होत्या. झाली तेवढी शोभा पुरे, तयार पीठ आणू, असं म्हणून कस्तुरीनं आंग मो किओ भागात राहणाऱ्या प्रणिताला फोन लावला. प्रणिताचा मुलगा कुशल उद्धवच्याच संघात गोलकीपर होता. शिवाय तिच्या घराखाली मोकळी जागा होती, छत ठोकायला कुणी नव्हतं. प्रणिता टॅक्सी करून आली, घरघंटी घेतली, आणि जाताना कस्तुरीचा हात हातात धरून म्हणाली, "धीर धर गं. जिथे जाल तिथे चांगलंच होईल." कस्तुरीला वाटलं, ही घरघंटीबद्दल फारच हळवी दिसते.

इथल्या मराठी लोकांची रीत तिच्या ध्यानातच आली नाही. सिंगापुरात मराठी बाई मिक्सर देईल, कपाट देईल, एखाद वेळेस नवऱ्याचे सूटही देईल. घरघंटी देते ती फक्त कायमची परत जाताना. त्यामुळे प्रणिताची टॅक्सी घरी पोचायच्या आत सरनोबतांचं चंबूगबाळं आवरलंसुद्धा. आंग मो किओचं म्हणणं पडलं की कॉलेजनं काढलं. तोआ पायोहमध्ये ठरलं की यानंच लाथ मारली, आता आखातात चाललाय. आणि खुद्द बुकित पंजांगात, एलआरटीच्या, म्हणजे छोट्या लोकल गाडीच्या स्टेशनवर, एका गृहस्थानं उद्धवलाच विचारलं की फ्लॅट कधी रिकामा होतोय, त्यांच्या मेहुण्याला हवा होता.

शनिवारी दिलीप आला. हा पुण्याचा, उद्धवच्याच कॉलेजात कंप्युटर सांभाळायचा. सोफ्यावर बसला, जरा खाली-वर होऊन पाहिलं, आणि उसासा टाकून म्हणाला, "उद्धवराव, ऐकलं ते वाईट झालं. काढायला नको होतं तुम्हाला."

"कुणी काढलं?" उद्धव म्हणाला.

"नाही, म्हणजे तुम्हाला सांगायचं नसेल तर राहू दे. सोफ्याचं कुणाशी बोलणं झालंय का?"

आता इथे शहाण्या माणसानं काय केलं असतं? हसून सांगितलं असतं की बाबा, घरघंटीचा आवाज होतो म्हणून दिली, मी कुठेही चाललो नाही. पण मग करार झाला का, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि नाही झाला असं म्हटलं की दिलीपच्या चेहऱ्यावर ती कीव आली असती. उद्धवला मार चालतो, कीव चालत नाही. त्यानं डोक्यात राख घालून घेतली.

"मला काढायची कुणाची टाप नाही," तो म्हणाला. "सोफा पायजे? न्या की. आत्ता न्या."

कस्तुरी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा सोफा लिफ्टमध्ये उभा होता. मग काय, बातमी फुटली. डायनिंग टेबल तोआ पायोहला गेलं. टीव्ही गेला, कपाट गेलं. जो येई तो आधी दुःखी चेहरा करी आणि मग टेप काढून मापं घेई. उद्धव प्रत्येकाला तोऱ्यात म्हणायचा, न्या. माणसाला कशाची भीती नसली की तो असाच वागतो, असं त्याचं म्हणणं. कस्तुरीचं म्हणणं वेगळं होतं, पण ते ती माहेरी फोनवर सांगायची.

अवनी शाळेतून आली, रिकाम्या हॉलच्या मधोमध दप्तर घेऊन उभी राहिली आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, आय सिट व्हेअर? अवर हाउस नो मोअर चेअर ला." आणि मग एकदम मराठीत विचारलं, "आपण खरंच जाणार का?"

पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून उद्धव बाल्कनीत जाऊन उभा राहिला. सही करून टाकावी का, असं एकदा मनात आलं त्याच्या, नाही असं नाही. पण मग डोळ्यापुढे कुलूप लावलेलं मैदान आलं आणि तो पुन्हा ताठ झाला.

इकडे कॉलेजच्या कँटीनमध्ये मिस्टर कोहनी दिलीपला सहज विचारलं, की कोच सामान वाटतोय असं ऐकलं, तो चाललाय कुठे? आता दिलीपला खरं तर काहीच माहीत नव्हतं. पण पुण्याच्या माणसाच्या तोंडून "माहीत नाही" हे दोन शब्द आजवर कुणी ऐकले आहेत? दिलीपनं सांगितलं, भारतात नवी लीग निघालीय, तिथल्या एका मोठ्या क्लबनं बोलावलंय, घर, गाडी, सगळं देतायत. कोहच्या हातातला नूडल्सचा घास तसाच राहिला. आंतरकॉलेज स्पर्धा तोंडावर आली होती आणि दुसरा कोच मिळणं म्हणजे काय असतं, ते त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोह स्वतः बुकित पंजांगला आले. कस्तुरीनं दार उघडलं. कोह आत आले आणि चारी भिंतींकडे बघतच राहिले. ऐकीव गोष्ट वेगळी आणि डोळ्यांनी दिसलेला रिकामा हॉल वेगळा. बसायला काही नव्हतं, म्हणून उद्धवनं फुटबॉलची थैली त्यांच्याकडे सरकवली. इस्त्रीच्या पँटमधला तो सभ्य माणूस चेंडूंवर तोल सावरत बसला. कस्तुरीनं चहा आणि चकली दिली ती हातातच, कारण ठेवायला टेबल नव्हतं.

"म्हणजे खरं आहे," कोह म्हणाले. "तुम्ही चाललात."

उद्धव खोटं कधी बोलला नव्हता आणि आता बोलायचा त्याचा विचारही नव्हता. तो समोर फरशीवर मांडी घालून बसला होता. म्हणाला, "सामान गेलंय. मी जायचं की राहायचं, ते तुमच्या सातव्या कलमावर आहे. ते राहिलं तर मी जाणार. मग कुणीही बोलावलेलं असो, नाहीतर कुणीच नसो."

कोहनी यातला शेवटचा भाग ऐकलाच नाही. ते चकली हातात घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले, प्राचार्यांशी फोनवर बोलले, आणि परत येऊन म्हणाले, की सोमवारी नवा करार तयार असेल, सातवं कलम वगळून. परीक्षा असोत नसोत, सराव चालू राहील. सोमवारी उद्धवनं सही केली. ती करताना त्यानं पेन असं काही दाबलं की खालच्या पानावरही उमटली. अवनीनं रिकाम्या हॉलमध्ये कोलांट्या मारल्या. जागाही भरपूर होती.

दिलीपनं मराठी मंडळातर्फे निरोप समारंभ ठरवला होता. हॉल घेतलेला, शाल-नारळ आणलेला, म्हणून मग सत्कार केला. उद्धवनं भाषणात सांगितलं की आपण इथेच आहोत, आणि टाळ्या पडल्या त्या जरा दबक्याच, कारण सगळ्यांच्या मनात आपापलं फर्निचर होतं. दिलेलं परत मागायची उद्धवची पद्धत नाही. कस्तुरीनं मात्र घरी येऊन ठणकावलं, "कॉलेजशी करार झाला तुमचा. आता माझा ऐका. सोफा नाही मिळाला तरी चालेल. पण त्या तयार पिठाच्या पोळ्या मी यापुढे लाटणार नाही. गहू तुम्ही दळून आणायचे." उद्धवनं हे कलम निमूटपणे मान्य केलं. बायकोशी वाटाघाटी करायची पद्धत कोल्हापुरातही नाही.

घरघंटी परत आणायची सोयच नव्हती, खाली आँटी बसलेल्या. म्हणून मग दर पंधरवड्याला, संघाचा ट्रॅकसूट घातलेला कोच सरनोबत गव्हाची पिशवी खांद्यावर टाकून एलआरटीनं आणि पुढे एमआरटीच्या मेट्रोनं आंग मो किओला जाऊ लागला. प्रणिताही आनंदानं दळून द्यायची.

जून उजाडला. कॉलेजात सहामाही परीक्षा आल्या आणि मैदानावर सराव जोरात चालू होता. बाकीच्या खेळांची मैदानं ओस पडलेली, आणि उद्धवची शिट्टी पार कोहच्या खोलीपर्यंत ऐकू जात होती. तशाच गुर्मीत रविवारी तो पिशवी घेऊन प्रणिताच्या दारात उभा राहिला. प्रणितानं दार अर्धवट उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"सर, आता नाही हं दळता येणार. कुशलची परीक्षा होईपर्यंत घरघंटी पूर्ण बंद."

"अहो वहिनी, थोडेच तर आहेत," उद्धव म्हणाला. "आवाज असा कितीसा होतो?"

"तसं नाही सर. परीक्षा आली की मैदान बंद होणार होतं ना, म्हणून मी निर्धास्त होते. पण तुम्ही प्रॅक्टिस चालूच ठेवलीत. पोरगा सातला दमून घरी येतो. आता घरात तरी त्याला शांतता नको का?"

उद्धव छाती काढून उभा होता. बोलायला त्यानं तोंडही उघडलं. पण इथे ना कलम होतं, ना कोह. त्यानं पिशवी पुन्हा खांद्यावर टाकली.

"परीक्षा कधी संपते वहिनी?" त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं.