अजगर पंक्तीस बसविला त्याची हकीकत

श्रीगजाननास एक दंडवत, कुळस्वामिनीस दुसरे, आणि वाचणाराच्या धीरास तिसरे. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्यनाम संवत्सरी, एका राज्यात (नाव पुसो नये, सांगणारास तेथेच राहणे आहे) धाकटे सरकार हैबतराव होते, त्यांस अजगर पाळून काय मिळणार होते तो हिशेब आधी मांडितो. मुलूख मिळणार नव्हता, तो वडील बंधूंकडे. मान मिळणार नव्हता, तो होताच, आणि त्यानेच घात केला होता. कारण त्या राज्याची रीत ऐशी की, सरकारांचे पंक्तीस बरोबरीच्यानेच बसावे, उणे मानाच्याने उभे राहून पाहावे. वडील बंधू गादीवर बसल्यापासून बोलावीत नव्हते, बाईसाहेब निवर्तल्या होत्या, म्हाळसाआत्या विधवा, त्या सोवळ्यात आतच एकभुक्त राहत, आणि बरोबरीचे चौथे कोणी नव्हते. मग हैबतराव एकटेच जेवीत, आणि शेजारी दुसरा पाट रिकामा मांडिला जात असे, कारण तो मांडू नका म्हणून मुदपाकवाल्यांस कोणी सांगितले नव्हते. मिळणार होता तो त्या पाटावर शेजारी, इतकेच.

इतक्यात समुद्रापलीकडील एका सौदागराने नजराणा म्हणून अजगर आणिला, दोन पुरुष लांब, अंगावर सोनेरी नक्षी, शिसवी पेटीत, पेटीस पितळी जाळी. हैबतरावांनी त्यास मखमलराव नाव दिले आणि कारभारी नारोपंतांस पुसिले, "पंत, यांचा दर्जा काय?"

पंतांनी डोके खाजवून अर्ज केला, "सरकार, अजगराचा दर्जा कोठे ठरलेलाच नाही. आपल्याहून वर नाही, तैसा खालीही नाही."

"म्हणजे पंक्तीस चालेल?"

"न चालायास हरकत कोण घेतो? आणि पेटीत खाऊ घालू नयेच, सरकार. झाकण उघडले की घास, हे एकदा त्यांचे मनी बसले म्हणजे पेटीत शिरेल तो हातही घासच. बाहेर वाढावे, हेच शहाणपण."

आतून म्हाळसाआत्या बोलिल्या, "पंतांस सापाचे मन कळते, आपल्या जावयाचे कळत नाही!" परंतु हैबतरावांस पंतांचे बोलणे गोड लागले, आणि गोड लागलेले खरे मानण्याची चाल सर्वच राज्यांत आहे.

मग पाटाभोवती रांगोळी घातली, केळीचे पान मांडिले, पानावर मेलेला उंदीर वाढिला, आणि हैबतरावांनी मखमलरावांस दोन्ही हातांनी पेटीतून उचलून पाटावर ठेविले, आणि त्यांनी झडप घालून घास घेतला तेव्हा सदरेवर वाहवा जाहली. ही वार्ता गावभर गेली, आणि पुढले खेपेस सरदार आले, सावकार आले, ज्यांनी कित्येक वर्षे या दारावरून मान वळवून जावे तेही आले, आणि उभ्यानेच का होईना, हैबतरावांशी बोलिले. "सरकारांची प्रकृती कशी?" ऐसे लोक पुसत, आणि सरकार ती सविस्तर सांगत, मध्यंतरीच्या वर्षांतील दुखण्यांसुद्धा. पंतांनी त्या आनंदात जावयास एक ठाणे मागून घेतले.

जेवण जाहले म्हणजे हैबतराव पाहुण्यांस पुन्हा उचलून पेटीत ठेवीत. आणि दुसरे दिवशी पेटीत उंदीर तैसाच ओकून पडलेला असे. पंत म्हणाले दृष्ट लागली, मग मीठमोहऱ्या उतरल्या. पुढले खेपेस पुन्हा ओकले, आणि उचलतेवेळी हैबतरावांचे अंगठ्यासही धरिले, कारण हातास उंदराचा वास होता. मखमलरावांची पाठ सुतारकामाप्रमाणे कोनदार दिसो लागली.

"हैबता, तुझा पाहुणा उपाशी मरतो," आत्या बोलिल्या.

"आत्या, दर खेपेस पंगत तर वाढितो!"

"पंगत तू आपल्याला वाढतोस. त्याला अंधार हवा, त्याच्या आडोशाला हवा. तू त्याला भर उजेडात बसवतोस, आणि पोट भरले की कवटाळून उचलतोस. जेवून उठताच कोणी तुला पालखीत घालून नाचवले, तर भात आत राहील का रे?"

पेटीत वाढावे तर मखमलराव जगणार आणि सदर ओस पडणार, बाहेर वाढावे तर सदर भरणार आणि ते मरणार, हे हैबतरावांस आता स्वच्छ कळले. आणि कळूनही त्यांनी एक खेप बाहेरच वाढिली, हे लपविता येत नाही. त्या दिवशी सदर फार भरली होती. मखमलराव फार ओकले.

मग पुढले खेपेस हैबतरावांनी लांब चिमट्याने उंदीर पेटीतच ठेविला, हात बाहेर राखिला, जाळीवर जाड घोंगडी टाकिली. लोक आले, त्यांनी घोंगडी पाहिली, एकमेकांकडे पाहिले, आणि कोणास विहिरीचे काम आठवले, कोणास सोयऱ्यांचे. शेवटी पंत उरले.

"सरकार, पाहुणे?"

"जेवताहेत."

"आम्ही थांबावे की काय?"

"थांबा की. मी काही नको म्हणत नाही."

पंत थोडे थांबले. मग म्हणाले, "आज सूनबाईंस बरे नाही," आणि गेले. हैबतराव आपल्या पानावर बसले. घोंगडीखाली थोडी सळसळ जाहली, मग तीही थांबली. घोंगडी उचलून पाहावे ऐसे फार मनात आले, परंतु उचलिली नाही, आणि कढी निवाली तरी तैसेच बसून राहिले. दुसरे दिवशी पेटी स्वच्छ होती, आणि त्यापुढेही स्वच्छच राहिली.

एकूण झाडा ऐसा: सौदागर शालजोडी घेऊन गेला, जावयास ठाणे मिळाले, लोकांस तमाशा मिळाला, आत्यांचा शब्द खरा जाहला, मखमलरावांनी अंग धरिले आणि कातही अखंड टाकिली. इतक्यांनी घेतले, आणि देणे एकट्या हैबतरावांकडे निघाले. ते त्यांनी बुडविले नाही, रोज दोन्ही वेळां एकट्याने जेवून भरीत राहिले. इति.