पाच विमानांची कमान

आमच्या गावच्या वीराने एकाहत्तरच्या युद्धात शत्रूची नेमकी किती विमाने पाडली, याची खातरजमा करण्यासाठी गावात समिती नेमण्यात आली. एरवी अशी गरज पडत नाही. इथे अडचण एवढीच होती की वीर अजून जिवंत होता, आणि ऐकत नव्हता.

वीराचे नाव किशनराव. हवाई दलात लढाऊ विमान चालवायचे. पेडगाव ओलांडून आमच्या गावाकडे वळलं की त्यांच्या नावाची कमान लागते. तेव्हा तिचं काम संपत आलं होतं. 'पाच विमाने पाडणारे शूरवीर' असा मजकूर ठरला होता, आणि सिमेंटची पाच विमाने तर वर बसलीसुद्धा होती.

किशनराव काठी टेकत आले आणि म्हणाले, "मी एकबी पाडलं न्हाई. जे पडलं ते चंद्रभाननं पाडलं. आपल्या गंगाखेडचा. मी त्याच्या मागच्या विमानात होतो. तो परत आला न्हाई. त्याची बहीण सरजाबाई उद्घाटनाला यायलीय. तिला भावाचं नाव कुठंतरी कोरलेलं दिसू द्या. दुसरं काई मागत न्हाई."

म्हणून समिती. अध्यक्ष बजरंगराव, मजकूर रचणारे योगीराज गुरुजी, आणि महिला सदस्य पाहिजे म्हणून मी. गुरुवारी माझं मौन असतं, हे गावाला ठाऊक आहे. बैठका गुरुवारी ठेवण्यात आल्या.

पहिल्या बैठकीत हवाई दलाकडून आलेलं पत्र वाचलं गेलं. पाडलेले विमान एक. पाडणारा चंद्रभान. किशनराव प्रत्यक्षदर्शी.

"दिल्लीत बसून ह्यांना काय दिसायलंय?" बजरंगराव म्हणाले.

"त्यांना मीच सांगितलं होतं की रे," किशनराव म्हणाले. "खाली उतरल्या उतरल्या."

"आबा, तवा तुमी घाबरलेले आसणार. घाबरलेल्या माणसाची गिनती चुकती."

"आन् आज?"

"आज तुमी थकलाव. गावाची गिनती पक्की हाय. आमी शाळेत होतो तवापासून दर झेंडावंदनाला पाचच ऐकायलोत."

गुरुजींनी चष्मा पुसला. तपासणी शास्त्रशुद्ध व्हायची तर शत्रूची नोंदही विचारात घ्यावी, असं त्यांनी सुचवलं. शत्रू म्हणतो, आमचं एकही पडलं नाही. शत्रू खोटं बोलतो, हे सर्वमान्य. सबब शून्य ही संख्या बाद ठरली. किशनरावही स्वतःच्या नावावर शून्यच सांगत होते. म्हणजे वीराचे म्हणणे शत्रूच्या म्हणण्याशी जुळते, याची समितीने गंभीर दखल घेतली, आणि इतःपर त्यांना बैठकीस बोलावू नये असे ठरले.

मी दोन्ही हात हलवून नको, नको म्हणत होते. इतिवृत्तात आलं: 'महिला सदस्यांनी दोन्ही हात वर करून अनुमोदन दिले.'

पुढच्या गुरुवारी देवापुढे निरांजन लावलं, माफी मागितली आणि बैठकीत मौन मोडलं. म्हटलं, "बजरंगराव, देवळाची वाट त्याच कमानीखालून हाय. रोज खोट्याखालून दर्शनाला जायचं का आमी?"

बजरंगरावांनी कानाच्या पाळ्या धरल्या. "काकू! गुरुवारचं मौन मोडलंत? आता मोडलेल्या व्रताचा शब्द समितीनं कसा धरावा? पाप कुनाला लागंल?"

धर्माची एवढी काळजी मी त्या माणसाच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती. माझं मत धार्मिक कारणास्तव वगळण्यात आलं. उरला प्रश्न बांधकामाचा. चार विमाने उतरवली तर कमान बोडकी दिसेल, असा गवंड्याचा अभिप्राय होता. तो एकमताने मान्य झाला.

उद्घाटनाला सरजाबाई गंगाखेडहून एसटीने आल्या. भावाच्या नावाला घालायला झेंडूचा हार आणला होता. कमानीवरची अक्षरं खालून बोट धरून एकेक पाहत त्या मला म्हणाल्या, "बाई, मला वाचता येतंय. पर सापडंना."

त्या दिवशी गुरुवार नव्हता, तरी माझ्याच्यानं बोलवेना.

किशनरावांनी माइक धरला. "ह्यातलं एकबी माझं न्हाई. जे पडलं ते..."

टाळ्या. अशा टाळ्या की पुढचं नाव कुणाला ऐकूच गेलं नाही. "काय ही नम्रता!" गुरुजी डोळे टिपत म्हणाले.

बजरंगरावांनी माइक काढून घेतला. "आबांच्या इच्छेचा मान राखून त्यांच्या साथीदाराचं एक विमानही हिशेबात धरण्यात येत आहे. एकूण सहा!"

सरजाबाईंनी हार परत पिशवीत ठेवला.

सहावं विमान आता बसलंय. कमानीखाली फोटो चांगला येतो. कधी आलात तर तुम्हीही काढाल. फक्त एक विचारते, राग मानू नका. सरजाबाईंच्या भावाचं नाव मी वर दोनदा लिहिलं आहे. मागं न बघता सांगा पाहू.

विमाने किती, ते नाही विचारत. ते पाठ झालं असेल.