बाईंच्या आवाजाचे लायसन्स

सकाळी सव्वादहा वाजता बाई गप्प झाल्या.

बाई म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज गेल्यापासून त्या लॅपटॉपवर टाइप करत आणि लॅपटॉप बोलत असे. हा आवाज रीतसर विकत घेतलेला होता. (मूळ आवाजाची पावती नसल्याने त्याबाबत कुठे दाद मागता आली नव्हती.)

संध्याकाळी सहाला इमारतीची सभा होती. ठराव एकच: चौथ्या मजल्यावर एकच बिऱ्हाड असल्याने, विजेच्या बचतीसाठी लिफ्ट तिसऱ्यापर्यंतच न्यावी. ते बिऱ्हाड बाईंचे. बाई विरोधात बोलणार होत्या, कारण यजमानांचे गुडघे जिना चढण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

प्रगती नेहमी विचारूनच येते. 'हो' आणि 'थोड्या वेळाने हो' अशी दोन बटणे ती देते. यजमानांच्या भाच्याने सकाळीच पहिले बटण दाबून नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. "मामी, आता बघ कसा पळतो!" लॅपटॉप खरोखरच पळू लागला. फक्त त्याने बाईंना ओळख दाखवली नाही. 'हे लायसन्स दुसऱ्या संगणकावर वापरात आहे,' असे त्याचे म्हणणे पडले.

मदतपुस्तिका अशा वेळी अत्यंत समजूतदार असते. तारीख-वेळ तपासा. तपासली, बरोबर होती. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू करा. घरात त्या पदावर बाईच होत्या, पण लॅपटॉपला ते मान्य नव्हते. सॉफ्टवेअर काढा, पुन्हा घाला, रिस्टार्ट करा. शेवटी: जुन्या संगणकावरून लायसन्स सोडवून घ्या. जुना संगणक म्हणजे हाच. परंतु नव्या सिस्टिममुळे तो दुसरा ठरला होता आणि पहिला उरलाच नव्हता. जो नाही, त्याची संमती आणायची होती.

यजमानांनी हेल्पलाइनला फोन लावला.

"लायसन्स कोणाच्या नावावर आहे, सर?"

"बायकोच्या."

"मग मॅडमना द्या ना. सुरक्षेसाठी त्यांच्याच आवाजात नाव लागतं."

"अहो, तिला बोलता येत नाही! म्हणून तर तुमचं सॉफ्टवेअर घेतलं."

"समजलं, सर. मग सॉफ्टवेअरमधून बोलायला सांगा."

यजमानांनी फोन ठेवून दिला. (वादात त्यांना आजवर फक्त बाईंनीच हरवले होते.)

बाई हरकत कागदावर लिहून सभेला गेल्या. अध्यक्षांनी कागद आदराने घेतला, चष्मा लावला, कागदाची घडी घातली.

"बाई, तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिलाय? पण नियमानं हरकत तोंडी लागते. आणि सभासदानंच घ्यावी लागते."

यजमान उठले. घर बाईंच्या नावावर असल्याने त्यांना पुन्हा बसवण्यात आले. बाईंनी टेबलावर जोरात हात आपटला. इतिवृत्तात त्याची 'बाके वाजवून स्वागत' अशी नोंद आहे. विरोधात कोणीही बोलले नाही, सबब ठराव एकमताने मंजूर.

सभेला आणखी चाळीसेक सभासद होते. सर्वांचे आवाज चालू स्थितीत होते आणि त्यांतल्या एकालाही लायसन्स लागत नाही. कित्येकांनी नंतर बाईंना जिन्यात गाठून सांगितलेही, "चूकच झालं हं, बाई." (हळू आवाजात.)

ताज्या माहितीनुसार हेल्पलाइनचा उलट फोन येऊन गेला. तो बाईंनी उचलला. 'ग्राहक काही बोलत नाही' असा शेरा मारून तक्रार निकाली काढण्यात आली. लिफ्ट तिसऱ्यापर्यंत जाते. यजमान तिथून पुढच्या जिन्यात, पायरीवर बसले आहेत.

हे वाचणाऱ्यांपैकी किती जण अशा सभेला हजर होते, याची आकडेवारी उपलब्ध नाही. असाल तर नुसता हात वर करा. बोलायची गरज नाही.